कण्याच्या आधीचा समुद्र

पाय टेकताच चिखल घोट्यापर्यंत येतो. पाणी कोमट, गढूळ, छातीइतकं. आजपासून सुमारे 51 कोटी 80 लाख वर्षं मागे, जिथे पुढे चीनचा युन्नान प्रांत असणार आहे, तिथल्या उथळ समुद्रात तुम्ही उभे आहात. किनाऱ्याकडे पाहाल तर झाड नाही, गवताची काडी नाही, किडामुंगी नाही. नुसता उघडा खडक, आणि पाऊस पडला की त्यावरून थेट समुद्रात उतरणारा गाळ. हवेत प्राणवायू आजच्यापेक्षा कमी, म्हणून चार पावलांत धाप लागते. पृथ्वी अजून वेगाने फिरते आहे. एक दिवस सुमारे 21 तासांचा आहे, तेव्हा अंधार तुमच्या अंदाजाआधी पडेल. सह्याद्रीची दिशा शोधू नका. ज्या लाव्ह्यातून तो उभा राहील तो बाहेर यायला अजून 45 कोटी वर्षं आहेत.

डोकं पाण्याखाली घाला आणि थोडा वेळ नुसतं बघत राहा.

आधी नजरेत भरतात ते संधिपाद. ट्रायलोबाइट चिखल उकरत चालले आहेत. बिळातून अर्धे बाहेर आलेले जाड किडे आपली काटेरी सोंड उलटी करून बाहेर काढतात आणि भक्ष्यासकट आत ओढतात. स्पंजांच्या दाटीवरून एक सावली सरकते. ती अँप्लेक्टोबेलुआची, इथल्या सगळ्यात मोठ्या शिकाऱ्यांपैकी एकाची. दोन्ही अंगांना असलेल्या झालरी हलवत तो तरंगत येतो, आणि तोंडापुढची दोन काटेरी उपांगं आत वळवून जे सापडेल ते गोल तोंडात कोंबतो. या समुद्रावर राज्य आहे ते कवचवाल्यांचं, सांधे असलेल्या पायांच्या प्राण्यांचं. इथे उभं राहून कुणी पैज लावायला सांगितली, तर पुढची 50 कोटी वर्षं कोणाची यावर तुम्ही डोळे झाकून त्यांच्याच नावाने पैसे लावाल. कीटक, खेकडे, कोळंबी यांची संख्या पाहता ती पैज अगदीच वाया गेली असंही म्हणता येणार नाही.

मग तुमच्या कुळातलं इथे कोण? ओंजळ पाण्यात धरून स्थिर राहा. थोड्या वेळाने अंगठ्याच्या पेराएवढं काहीतरी वळवळत तिच्यात येईल. याचं नाव हायकोउइक्थिस. लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. खवले नाहीत, हाडं नाहीत, जबडा नाही, दात नाहीत. पाठीवरून मागे गेलेला एक पातळ पर, पोटाखालीही एक. डोक्याच्या अगदी पुढच्या टोकाशी दोन डोळे, त्यांच्या मागे कल्ल्यांची ओळ. दोन्ही कुशींवर स्नायूंचे नागमोडी पट्टे एकामागे एक बसवलेले. ताटात सुरमईची तुकडी मोडताना मांसाचे पदर सुटे होतात, ते पदर म्हणजे हेच स्नायुखंड. आठवून बघा, त्या पदरांची कडही सरळ नसते, अशीच मोडलेली असते.

आता त्याला दोन बोटांत हलकेच धरा. पाठीच्या बाजूला, डोक्याकडून शेपटीकडे जाणारं काहीतरी ताठ लागतं. तो पृष्ठरज्जू. द्रवाने टंच भरलेल्या पेशी आणि त्यांच्याभोवती चिवट आवरण, एवढीच त्याची रचना. पाण्याने तुडुंब भरून दोन्ही तोंडं बांधलेली बारीक रबरी नळी हातात घेतलीत तर असाच ताठपणा लागेल. वाकवली तर वाकते, सोडली की सरळ होते; पण दोन टोकं धरून दाबली तर आखूड होत नाही.

सगळं या न आखडण्यात आहे. गांडुळाच्या अंगातले उभे स्नायू आकसले की गांडूळ आखूड होतं. तुमच्या बोटांतल्या या जिवाच्या डाव्या कुशीतले स्नायू आकसतात तेव्हा शरीराला आखूड व्हायला वावच नसतो, मधला रज्जू दबत नाही. मग ते डावीकडे वाकतं. लगेच उजवी कूस आकसते, ते उजवीकडे वाकतं. हे वाकणं एका खंडाकडून पुढच्या खंडाकडे सरकत शेपटीपर्यंत पोचतं, पाणी मागे रेटलं जातं आणि प्राणी पुढे जातो. या कुळात आतडं जिथे संपतं त्याच्याही मागे शेपूट वाढलेली असते, आणि तिच्यात पचनाचं काहीच काम नसतं. ती सगळी पोहण्यासाठी. मला विचाराल तर आपल्या घराण्याचा पाया इथे आहे. शाळेत आपण ‘पृष्ठवंशी’ हा शब्द शिकतो आणि मनात हाडांची माळ धरून बसतो. पण या समुद्रात ती माळ नाही. आहे तो एक मऊ, भरीव दांडा, आणि अँप्लेक्टोबेलुआच्या तावडीतून सुटायला तो पुरेसा आहे.

रज्जूच्या वर, अगदी पाठीलगत, चेतारज्जू आहे आणि तो आतून पोकळ आहे. खाली अन्ननलिका. शेजारच्या ट्रायलोबाइटाचं सगळं उलट: मुख्य चेतातंतू पोटाकडून जातात, हृदय पाठीकडे. 1822 साली फ्रान्सच्या एतिएन जोफ्रुआ सँतिलेरने एक शेवंड उताणी मांडून दाखवली आणि म्हटलं की ही अशी ठेवली तर हिच्या अवयवांची मांडणी आपल्यासारखीच दिसते. समकालीनांना ते पटलं नाही. पण 1990 नंतर पाठ कोणती आणि पोट कोणतं हे भ्रूणाला सांगणारी जनुकं सापडली, तेव्हा कीटकांत आणि आपल्यात ती जनुकं तीच, फक्त खालची वर आणि वरची खाली काम करताना आढळली. आपल्या वंशाने केव्हातरी अंग उलटं केलं. ते इथे दिसत नाही. ते या समुद्राच्याही आधी होऊन गेलं आहे.

कल्ल्यांकडे पुन्हा बघा. बाजारात बांगडा घेताना आपण कल्ला उचलून आतला लाल रंग पाहतो, म्हणून कल्ला म्हणजे श्वास असं समीकरण डोक्यात पक्कं असतं. घशाच्या भिंतीतल्या या फटी मुळात खाण्यासाठी होत्या. तोंडातून पाणी घ्यायचं, फटींतून सोडून द्यायचं, आणि पाण्यातले कण घशातल्या चिकट द्रवात अडकवून गिळायचे. हा चिकट द्रव बनवणारी एक खाच घशाच्या तळाशी असते आणि ती आयोडीन धरून ठेवते. लँप्रे नावाचा जबडा नसलेला मासा आजही आहे. त्याच्या पिल्लात ही खाच असते, आणि पिल्लू प्रौढ होताना तिचीच थायरॉइड ग्रंथी होते. गलगंड होऊ नये म्हणून आपण आयोडीनचं मीठ खातो ती गरज गाळून खाणाऱ्या या घशांपासून चालत आली आहे.

बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्यांना इथे हर्डमानिया आठवेल: समुद्रात खडकाला चिकटलेली, जागची न हलणारी पिशवी. 1866 साली अलेक्झांडर कोवालेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने अशा पिशव्यांच्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. अळीला शेपूट होती, शेपटीत पृष्ठरज्जू होता, त्यावर पोकळ चेतारज्जू होता. थोडा वेळ पोहून अळी डोक्याकडून खडकाला चिकटते, शेपूट शोषून टाकते आणि आपली वंशावळ पुसून टाकल्यागत पिशवी होऊन बसते. डार्विनने पुढे आपल्या लेखनात या शोधाची आवर्जून दखल घेतली. जनुकांच्या तुलनेने 2006 मध्ये आणखी एक धक्का दिला: वाळूत अर्धवट पुरून राहणारा, माशाच्या आकाराचा अँफिऑक्सस आपला सगळ्यात जवळचा बिनकण्याचा नातलग मानला जायचा, प्रत्यक्षात ती जागा या पिशव्यांची निघाली. दिसण्यावरून नातं ठरवण्याची सवय इथे सोडावी लागते.

तुमच्या बोटांतल्या जिवाकडे मात्र अँफिऑक्ससपेक्षा जास्त काहीतरी आहे. त्याला डोकं आहे. भ्रूणात चेतारज्जू गुंडाळला जात असताना त्याच्या कडेच्या काही पेशी सुटतात आणि शरीरभर प्रवास करत जातात. चेहऱ्याची हाडं, दातांचा मुख्य भाग, त्वचेतले रंग, कितीतरी चेतातंतू त्यांच्यापासून होतात. 1983 मध्ये कार्ल गान्स आणि ग्लेन नॉर्थकट यांनी मांडलं की पृष्ठवंशीयांचं डोकं ही नव्याने जोडलेली गोष्ट आहे आणि ती मुख्यतः या फिरस्त्या पेशींनी घडवली. म्हणजे आधी पोहणारं धड, मग डोकं, आणि हाड अजून कुठेच नाही.

सोडा त्याला. आभाळ भरून आलं आहे आणि इथे वादळ म्हणजे चिखलाचा लोंढा. तो तळावरून येतो आणि जे असेल ते जागच्या जागी गाडून टाकतो, इतक्या झटपट आणि इतक्या बारीक गाळात की डोळ्याची आणि कल्ल्याची खूणसुद्धा राहते. 1 जुलै 1984 रोजी होउ शियानग्वांग या संशोधकाला चंगजियांगच्या माओतियान टेकडीवर या गाळाचे दगड पहिल्यांदा सापडतील. कुनमिंगजवळच्या हायकोऊ इथून हा मासा शू देगान आणि त्यांचे सहकारी 1999 मध्ये जगापुढे मांडतील, आणि 2003 पर्यंत त्याचे 500 हून जास्त नमुने जमा होतील. पिवळसर दगडावर तांबूस पुसटसा डाग, असा दिसेल तो.

एक कोटी वर्षं पुढे या. आता कॅनडाच्या रॉकी पर्वतातला बर्जेस शेल. इथे फार वेळ काढायचा नाही; पण पिकाया बघितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही, कारण गेल्या शतकात आपला पूर्वज म्हणून सर्वांत जास्त नाव झालं ते त्याचंच. चपटं लांबट अंग, इवलंसं डोकं, डोक्यावर दोन स्पर्शिका. चार्ल्स वॉलकॉटने 1911 मध्ये त्याला गांडुळाच्या नात्यातला किडा ठरवलं होतं. पुढे स्नायुखंड ओळखू आले आणि तो आपल्या संघात आला. 2012 मध्ये 114 नमुने तपासून त्याचं सविस्तर वर्णन झालं, आणि 2024 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की आजवर त्याची पाठ म्हणून जी बाजू वर धरली जायची ती पोटाची होती. तो शंभर वर्षं चित्रांत उलटा पोहत होता. आणि पूर्वज तर तो नाहीच, कारण चंगजियांगचे डोळेवाले मासे त्याच्या आधीचे आहेत. जुन्या घरात धाकट्या पातीचं माणूस जास्त जगलं म्हणून ते पणजोबा होत नाही.

आता लांब उडी. सुमारे 46 कोटी वर्षांपूर्वी, दक्षिण गोलार्ध, गोंडवाना या महाखंडाचा काठ. पुढे हा भाग बोलिव्हियात असेल. भारताचा तुकडाही याच महाखंडाला चिकटलेला आहे. या मधल्या काळात आपल्या वंशात फार मोठी उलथापालथ झाली आहे, पण ती पाण्यात डोकं घालून दिसणारी नाही. संपूर्ण जनुकसंचच दुप्पट होण्याचे प्रसंग या वंशात घडले. सुसुमू ओहनो यांनी 1970 मध्ये हे मांडलं तेव्हा तो तर्क होता. आज मोजता येतं: शरीराची पुढची-मागची मांडणी ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचा अँफिऑक्ससकडे एकच गट, तुमच्याकडे चार.

पाण्यात दिसतो तो सकाबांबास्पिस. साधारण वीतभर लांब. डोळे अगदी पुढे, एकमेकांच्या जवळ, मोटारीच्या दिव्यांच्या जागी असावेत तसे. तोंड कायम उघडं, कारण मिटायला जबडाच नाही. बाजूचे पर नाहीत, म्हणून तो डुलत, भरकटत पोहतो. वळताना त्याची तारांबळ बघवत नाही. पण डोक्यावर हात ठेवा. कडक! वर एक मोठी ढाल, खाली एक, मागे चिंचोळे खवले. हे हाड. आपल्या वंशातलं हाड पहिल्यांदा हाताला लागतं ते कातडीत, चिलखत म्हणून. आतला सांगाडा मऊच आहे, आणि पृष्ठरज्जू तसाच सलग शेपटीच्या टोकापर्यंत गेलेला.

ढालीवर बोट फिरवा, बारीक उंचवटे लागतील. त्यांत दंतिन आहे, तुमच्या दातांत इनॅमलच्या खाली असतं तेच. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच काळातल्या चिलखती माशांच्या उंचवट्यांचे एक्स-रे काढले गेले, तेव्हा त्यांतल्या सूक्ष्म नळ्या संवेदना टिपण्यासाठी असाव्यात असं दिसलं. बर्फाचं पाणी पिताना दाढेतून जी कळ जाते तिची सोय आधी अंगावर झाली आणि तोंडात मागाहून आली. मला या सगळ्या प्रवासात यापेक्षा विलक्षण दुसरं काही वाटत नाही.

इथूनही निघा. कोचाबांबा भागातल्या सकाबांबा गावाजवळच्या खडकात हे मासे एका जागी गर्दीने मेलेले सापडतात. नदीचं गोडं पाणी एकदम समुद्रात घुसलं असावं असा अंदाज आहे.

सुमारे 42 कोटी वर्षांपूर्वी तुम्ही पुन्हा युन्नानमध्ये आहात, छूचिंगजवळ. हा समुद्र वेगळा वाटतो, आणि वेगळेपण डोळ्यांच्या आधी कानांना कळतं: कुरतडण्याचा आवाज. जबडे आले आहेत. भ्रूणात जबडा घडतो तो घशाच्या फटींना आधार देणाऱ्या कमानींच्या ओळीतल्या पहिल्या कमानीपासून. आधी तिने पाणी जोरात आत-बाहेर करून श्वासाला मदत केली आणि चावणं नंतर आलं, असं काही शास्त्रज्ञांचं मत आहे. तुमच्यासमोर आहे तो एंटेलोग्नॅथस, झू मिन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये वर्णन केलेला, वीतभर लांबीचा. धडावर जुन्या पद्धतीचं चिलखत, पण तोंडाच्या कडेची हाडं बघा. वर दोन जोड्या, खाली एक. स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवा. ते खालचं हाड त्याच्याकडे आहे. पुढे सस्तन प्राण्यांत मागची काही जबड्याची हाडं कानात जाऊन बसतील. कार्ल राइखर्टने 1837 मध्येच भ्रूण पाहून ते ओळखलं होतं. तेव्हा त्या कुरतडण्याचा आवाज तुम्ही ज्या हाडांनी ऐकता आहात, त्यांचे पूर्वज तिथे समोर कुरतडण्याच्याच कामाला लागलेले आहेत.

अजूनही मणक्यांची माळ नाही.

38 कोटी वर्षांपूर्वीचा पश्चिम ऑस्ट्रेलिया, गोगो. प्रवाळ आणि स्पंजांसारख्या जिवांनी बांधलेला मोठा खडक, त्याच्या पलीकडे खोल, शांत पाणी. इथे मासे जातीजातींचे आहेत, आणि मेलेला मासा तळाशी जातो तेव्हा तिथल्या बिनप्राणवायूच्या चिखलात त्याच्याभोवती चुन्याचा गोळा धरतो. ते गोळे पुढे सौम्य ॲसेटिक आम्लात ठेवले की चुना विरघळतो आणि हाडं न चेपता, उभी आडवी जशीच्या तशी बाहेर येतात. अशाच एका गोळ्यातून जॉन लाँग आणि सहकाऱ्यांना एक मादी मिळाली. तिच्या पोटात पिल्लू होतं आणि पिल्लाला नाळ होती. 2008 मध्ये तिला मटेरपिसिस हे नाव मिळालं. आता ती तुमच्यासमोर जिवंत आहे. जबड्यातल्या जाड पट्ट्यांनी शिंपले फोडते आहे. जबडा, चिलखत, नर-मादीचा संग, पोटात वाढणारं पिल्लू: या घराण्यातलं किती काही येऊन गेलं आहे.

तिच्या पाठीवरून हात फिरवा. चेतारज्जूवर कमानी बसल्या आहेत, शेपटीकडे खालूनही कमानी आहेत. आणि या कमानींच्या मधून, डोक्यापासून शेपटीपर्यंत, सलग, अखंड, तोच मऊ दांडा. चिलखती माशांच्या या गटात मणक्याचा भरीव गड्डा बहुधा बनलाच नाही. तो बनला तो पुढे, आणि एकदाच नाही: शार्क-पाकटांच्या वंशात वेगळा, हाडाच्या माशांत वेगळा, चार पायांच्या प्राण्यांत वेगळा. प्रत्येकाने आपापल्या रीतीने त्याच रज्जूभोवती किंवा त्याच्या आवरणातच मणके घडवले. मोरीच्या कालवणात जे गोल, कूर्चेचे मणके लागतात आणि बांगड्याच्या काट्यावर जे हाडाचे मणके असतात, ती दोन वेगवेगळी उत्तरं आहेत.

माणसाच्या गर्भात पृष्ठरज्जू तिसऱ्या आठवड्यात दिसू लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना खंड पडतात, त्यांच्यापासून मणके घडतात आणि ते वाढत वाढत रज्जूला चेपत आणतात. मणक्यांच्या आत तो नाहीसा होतो. दोन मणक्यांच्या मधे मात्र उरतो: चकतीच्या मध्यभागी जो मऊ, पाणीदार गाभा असतो तो त्याचाच. कंबर धरली म्हणून एमआरआय काढतात आणि डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून सांगतात की चकती सरकली आहे, तेव्हा मागे फुगून शिरेवर दाब देत असतो तो हाच गाभा.